ब्रिटनमधला दहशतवाद, नागरिकत्व आणि मुस्लिम समाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडन, मँचेस्टर किंवा साउथपोर्टमध्ये काही घडलं की तासाभरात मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन प्रश्न फिरू लागतात: कोण होता, कुठला होता, कुठल्या धर्माचा होता. उत्तर मात्र एकाच दमात दिलं जातं, जणू तिन्ही प्रश्न एकच आहेत. जन्म कुठे झाला, नागरिकत्व कोणत्या देशाचं, धर्म कोणता आणि हल्ल्यामागचा विचार कोणता, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटिश कायदा त्या बहुतेक ठिकाणी वेगळ्याच ठेवतो. नागरिकत्व काढून घेण्याच्या अधिकारात मात्र त्या एकमेकींत गुंततात, म्हणून खाली सर्वांत जास्त जागा त्यालाच दिली आहे.

ब्रिटनमध्ये जन्मलेला माणूस आपोआप ब्रिटिश नागरिक होतो का?

१९८३ च्या आधीचा जन्म असेल तर जवळपास नेहमीच हो. १ जानेवारी १९८३ पासून १९८१ चा ब्रिटिश नागरिकत्व कायदा लागू झाला. तेव्हापासून बाळाच्या जन्माच्या दिवशी आई किंवा वडील, दोघांपैकी एकजण ब्रिटिश नागरिक असावा लागतो किंवा त्याला कायम वास्तव्याचा हक्क असावा लागतो. वर्क व्हिसावरच्या मराठी जोडप्याचं लंडनच्या हॉस्पिटलात जन्मलेलं बाळ ब्रिटिश नसतं. पुढे पालकांना कायम वास्तव्य मिळालं, किंवा मूल पहिली दहा वर्षं तिथेच वाढलं, तर नोंदणी करून नागरिकत्व घेता येतं. ते आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो.

"ब्रिटिश" हा शब्दही एकजिनसी नाही. कायद्यात ब्रिटिश राष्ट्रीयत्वाचे सहा प्रकार आहेत आणि ब्रिटनमध्ये राहायचा हक्क त्यातल्या सगळ्यांना मिळत नाही. पासपोर्ट ब्रिटिश, पण ब्रिटनचं दार बंद, ही अवस्था १९६८ च्या कायद्यानंतर केनियातल्या भारतीय वंशाच्या कुटुंबांच्या वाट्याला आली होती. दोन दर्जांच्या नागरिकत्वाचा वाद आजचा नाही, तो इथपर्यंत मागे जातो.

"ब्रिटनचा मुस्लिम समाज" म्हणजे नेमका कोण?

२०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ३९ लाख लोकांनी आपला धर्म इस्लाम असल्याचं नोंदवलं, म्हणजे लोकसंख्येच्या ६.५ टक्के. २०११ मध्ये हे प्रमाण ४.९ टक्के होतं. धर्माचा प्रश्न ऐच्छिक असतो, हे आकडा वापरताना लक्षात ठेवायला हवं. पूर्व लंडनच्या टॉवर हॅमलेट्समध्ये हे प्रमाण जवळपास ४० टक्के आहे आणि तिथली बरीच कुटुंबं मूळची बांगलादेशातल्या सिल्हेटची. ब्रॅडफर्ड आणि बर्मिंगहॅममध्ये पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूरची. लँकेशायर आणि लेस्टरमध्ये भरूच-सुरतेकडची गुजराती मुस्लिम कुटुंबं. त्याशिवाय सोमाली, तुर्की, अरब, नायजेरियन आणि धर्मांतर केलेले गोरे. भाषा वेगळ्या, मशिदी वेगळ्या, राजकारणही वेगळं.

"मुस्लिम समाज निषेध का करत नाही?" हा प्रश्नही इथेच येतो. १९९७ मध्ये स्थापन झालेली मुस्लिम कौन्सिल ऑफ ब्रिटन आणि ठिकठिकाणच्या मशिदी मोठ्या हल्ल्यांनंतर जाहीर निषेध करत आल्या आहेत. मात्र सगळ्यांच्या वतीने बोलेल असा एकच धर्मगुरू किंवा एकच संस्था तिथे नाही. असावी ही अपेक्षाच चुकीची आहे.

हल्लेखोर बहुतेक बाहेरून आलेले असतात का?

नाही. ७ जुलै २००५ ला लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये ५२ निरपराध माणसं मारली गेली. चार हल्लेखोरांपैकी तिघे ब्रिटनमध्येच जन्मलेले होते आणि चौथा लहानपणी जमैकाहून आलेला. मार्च २०१७ मध्ये वेस्टमिन्स्टर पुलावर गाडी घालणारा केंट परगण्यात जन्मलेला, प्रौढपणी धर्मांतर केलेला. त्याच वर्षी मे महिन्यात मँचेस्टर अरीनामध्ये २२ जणांचा जीव घेणारा मँचेस्टरचाच, आईवडील लिबियाचे. पुढच्याच महिन्यात लंडन ब्रिजवर ८ जणांना मारणाऱ्या तिघांत पाकिस्तानात जन्मलेला ब्रिटिश नागरिक होता, तसाच इटलीचं नागरिकत्व असलेलाही होता.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जून २०१६ मध्ये खासदार जो कॉक्स यांचा खून करणारा गोरा ब्रिटिश, वर्णवर्चस्ववादी. जून २०१७ मध्ये फिन्सबरी पार्कच्या मशिदीजवळ नमाजानंतर घरी निघालेल्या लोकांवर व्हॅन घालणारा कार्डिफचा रहिवासी. तिथे संतापलेल्या जमावापासून हल्लेखोराला वाचवून पोलिसांच्या ताब्यात देणारे त्या भागातल्याच मशिदीचे इमाम होते.

कायद्यात "दहशतवाद" कशाला म्हणतात? आणि ते कोण ठरवतं?

२००० च्या दहशतवाद कायद्याच्या पहिल्या कलमात तीन अटी आहेत. एक, कृत्य: माणसावर गंभीर हिंसा, मालमत्तेचं गंभीर नुकसान, जीव धोक्यात घालणं, जनतेच्या आरोग्याला किंवा सुरक्षेला गंभीर धोका, किंवा इलेक्ट्रॉनिक यंत्रणा कोलमडवणं. नुसती धमकीही पुरते. दोन, उद्देश: सरकारवर दबाव आणणं किंवा जनतेला घाबरवणं. तीन, कारण: राजकीय, धार्मिक, वांशिक किंवा वैचारिक ध्येय पुढे रेटणं. बंदूक किंवा स्फोटक वापरलं असेल तर दुसरी अट सिद्ध करावी लागत नाही. तिसरी मात्र प्रत्येक वेळी लागते आणि घोडं अडतं ते तिथेच.

हल्लेखोराचं नागरिकत्व किंवा धर्म या व्याख्येत कुठेही येत नाही. किती माणसं मेली हेही येत नाही. म्हणून "एवढं भयानक झालं तरी दहशतवाद का म्हणत नाहीत, काहीतरी लपवताहेत" हा निष्कर्ष बहुधा चुकतो. पोलिसांकडे अजून हेतूचा पुरावा नसतो, एवढंच.

साउथपोर्टमध्ये नेमकं काय झालं आणि अफवा इतकी का पसरली?

२९ जुलै २०२४ ला साउथपोर्टमध्ये मुलींच्या डान्स क्लासमध्ये चाकूहल्ला झाला. सहा, सात आणि नऊ वर्षांच्या तीन मुली मारल्या गेल्या. पोलिसांनी एका १७ वर्षांच्या मुलाला पकडलं आणि त्याचा जन्म कार्डिफचा आहे एवढंच सांगितलं. नाव सांगितलं नाही. अल्पवयीन आरोपीची ओळख इंग्लंडमध्ये सहसा गुप्त ठेवली जाते. शिवाय अटक झाली की १९८१ चा न्यायालय अवमान कायदा लागू होतो, म्हणजे खटला बिघडेल असं काही छापता येत नाही.

ती मोकळी जागा अफवेने भरली. एक बनावट अरबी नाव, आणि "गेल्या वर्षी बोटीतून आलेला मुस्लिम आश्रयार्थी" ही कहाणी. दोन्ही खोटं होतं. मुलगा कार्डिफमध्ये जन्मलेला, रवांडाहून आलेल्या ख्रिस्ती आईवडिलांचा. पण ३० जुलैच्या संध्याकाळी जमाव साउथपोर्टच्या मशिदीवर चालून गेला, आसपासच्या घरांच्या कुंपणभिंती फोडून त्याच विटा फेकल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातले गवंडी थापी आणि घमेली घेऊन आले आणि मशिदीची पडलेली भिंत त्यांनी विनामोबदला पुन्हा उभी केली. १ ऑगस्टला न्यायाधीशांनी आरोपीचं नाव छापायला परवानगी दिली. तरीही दंगली थांबल्या नाहीत. ४ ऑगस्टला रॉदरहॅमजवळ आश्रयार्थी ठेवलेलं हॉटेल पेटवायचा प्रयत्न झाला. अफवा खोटी ठरली म्हणून जमाव घरी जात नाही, हे त्या आठवड्यात लख्ख दिसलं.

पुढे त्याच्या घरात रायसिन हे विष आणि अल-कायदाची प्रशिक्षण पुस्तिका सापडली. पुस्तिका बाळगणं हा दहशतवाद कायद्याखालचा गुन्हा, आणि तो आरोप त्याच्यावर ठेवला गेलाही. मात्र खून "दहशतवादी कृत्य" ठरवले गेले नाहीत, कारण त्याच्याकडे अनेक प्रकारच्या हिंसाचाराचं साहित्य होतं, एक ठरावीक ध्येय सापडलं नाही. इथे पुष्कळांचा गोंधळ होतो: दहशतवाद कायद्याखालचा आरोप आणि दहशतवादी हल्ला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जानेवारी २०२५ मध्ये त्याला जन्मठेप झाली, किमान ५२ वर्षांची.

ऑगस्ट २०२५ पासून पोलिसांसाठी नवं मार्गदर्शन आहे: गाजलेल्या किंवा संवेदनशील प्रकरणात आरोप ठेवल्यावर आरोपीचं राष्ट्रीयत्व आणि वांशिक पार्श्वभूमी जाहीर करण्याचा विचार करावा. अफवेला लवकर उत्तर मिळतं हा त्याचा फायदा. तोटा असा की "गोरा ब्रिटिश" असं कळलं तेव्हाच लोक शांत होणार असतील, तर पुढच्या वेळी वेगळं उत्तर आलं की त्या पार्श्वभूमीच्या निरपराध माणसांनी काय करायचं? या प्रश्नाला त्या मार्गदर्शनात उत्तर नाही.

"७५ टक्के धोका इस्लामी अतिरेक्यांकडून" हा आकडा खरा का? मग प्रिव्हेंटचे आकडे वेगळे का?

दोन्ही खरे आहेत, मोजमाप वेगळं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये एमआय५ या ब्रिटनच्या देशांतर्गत गुप्तचर संस्थेचे प्रमुख केन मॅकॅलम यांनी सांगितलं की त्यांच्या दहशतवादविरोधी कामात साधारण ७५ टक्के इस्लामी अतिरेकी आणि २५ टक्के अति-उजवे विचार असतात. ही झाली गुप्तचरांच्या तपासाची वाटणी. प्रिव्हेंट ही लोकांना दहशतवादाकडे वळण्यापासून रोखण्याची सरकारी योजना, म्हणजे तपासाच्या कितीतरी आधीची पायरी: शिक्षक, डॉक्टर, समाजसेवक यांना एखाद्याबद्दल काळजी वाटली की ते कळवतात. मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात अशा ६,९२२ नोंदी झाल्या. त्यात अति-उजव्या विचाराच्या १९ टक्के आणि इस्लामी अतिरेकी विचाराच्या १३ टक्के. सर्वांत मोठा गट ठरावीक विचारसरणीच नसलेल्यांचा होता.

एका बाजूला बहुतेक प्रौढ, कटाचा संशय असलेले. दुसऱ्या बाजूला बऱ्याच अंशी ११ ते १५ वयाची मुलं. दोन्ही आकडे एकाच वाक्यात घालून "सरकार पक्षपात करतं" असं सिद्ध करू पाहणारा माणूस, मग तो कुठल्याही बाजूचा असो, चूक करतोय. आणि ७५ टक्के तपास इस्लामी अतिरेक्यांचे आहेत म्हणजे ७५ टक्के मुस्लिम संशयित आहेत असं होत नाही. ३९ लाखांत तपासाखाली असलेली माणसं अगदी मूठभर आहेत.

अटकेच्या सरकारी तक्त्यात राष्ट्रीयत्व असतं, तेही आरोपीने स्वतः सांगितलेलं. धर्माची नोंद कैद्यांच्या आकड्यांत मिळते. त्यामुळे "अटक झालेल्यांत इतके टक्के मुस्लिम" असा आकडा दिसला की तो कशावरून काढला, हे आधी विचारायचं.

शाळेने मुलाचं नाव प्रिव्हेंटला दिलं तर पुढे काय होतं?

२०१५ च्या दहशतवादविरोधी आणि सुरक्षा कायद्याने शाळा, विद्यापीठं, सरकारी रुग्णालयं, नगरपालिका आणि तुरुंग यांच्यावर हे कर्तव्य टाकलं आहे. वर्गशिक्षक शाळेतल्या बालसुरक्षा अधिकाऱ्याला सांगतो, तो पुढे कळवतो, पोलीस पहिली छाननी करतात. बहुतेक प्रकरणं इथेच बंद होतात. उरलेली "चॅनेल" नावाच्या समितीपुढे जातात. समितीचा अध्यक्ष नगरपालिकेचा माणूस असतो. चॅनेलची मदत ऐच्छिक आहे, मुलाच्या बाबतीत पालकांची संमती लागते. हा गुन्हा नाही आणि नोंद झाली म्हणून गुन्हेगारी रेकॉर्ड तयार होत नाही.

बिघडतं कुठे? शिक्षकाला विचार आणि हिंसा यांतला फरक कळला नाही की. मुलगी हिजाब घालू लागली, मुलगा पॅलेस्टाइनबद्दल बोलू लागला, एवढ्यावर नोंद झाली तर घराचा शाळेवरचा विश्वास उडतो, आणि मग खरी चिंता असते तेव्हा आईच शाळेला काही सांगत नाही. दुसरा बिघाड उलट्या दिशेचा. साउथपोर्टच्या मुलाचं नाव २०१९ ते २०२१ दरम्यान तीनदा प्रिव्हेंटकडे गेलं होतं आणि तिन्ही वेळा ठरावीक विचारसरणी दिसत नाही म्हणून प्रकरण मिटवलं गेलं.

पालकांसाठी व्यवहाराची गोष्ट: शाळेकडे लेखी विचारा की नोंद कोणत्या वाक्यावरून किंवा कृतीवरून झाली. शाळा आणि पोलीस दोघांकडे "आमच्याबद्दल काय माहिती ठेवली आहे" असा अर्ज करता येतो. त्याला फी नसते आणि उत्तर साधारण एका महिन्यात द्यावं लागतं. काही भाग गाळलेला मिळू शकतो.

विमानतळावर शेड्यूल ७ खाली थांबवलं तर?

शेड्यूल ७ म्हणजे २००० च्या दहशतवाद कायद्याचं परिशिष्ट, विमानतळावर आणि बंदरावर माणसाला थांबवून तपासायचा अधिकार देणारं. रत्नागिरीचा किंवा सोलापूरचा मुस्लिम विद्यार्थी हीथ्रोवर उतरतो तेव्हा ही भीती असतेच. आधी एक विचारून घ्या: तुम्ही इमिग्रेशन अधिकारी आहात की शेड्यूल ७ खाली तपासणी करणारे पोलीस? दोघांचे अधिकार वेगळे. इमिग्रेशन अधिकारी परदेशी माणसाला प्रवेश नाकारू शकतो. शेड्यूल ७ चा पोलीस ब्रिटिश नागरिकालाही थांबवू शकतो, आणि त्याला संशयाची गरज नसते.

पहिल्या तासानंतरही तपासणी चालू ठेवायची तर रीतसर ताब्यात घ्यावं लागतं. एकूण मर्यादा ६ तासांची, २०१४ च्या आधी ती ९ तासांची होती. ताब्यात घेतल्यावर वकिलाशी बोलायचा आणि घरी कळवायचा हक्क आहे. तो मागा. प्रश्नांची उत्तरं देणं मात्र बंधनकारक आहे, गप्प राहायचा हक्क इथे नाही. फोनचा पासवर्ड नाकारणं हाही गुन्हा ठरू शकतो, शिक्षा तीन महिन्यांपर्यंत. वकील, डॉक्टर किंवा पत्रकार असाल तर फोनमध्ये गोपनीय कागद आहेत हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगा. सामान तपासणीसाठी ७ दिवसांपर्यंत ठेवून घेता येतं, त्याची पावती घ्या. त्यांनी दिलेला छापील कागद जपून ठेवा, तक्रार करायची झाली तर वेळ आणि ठिकाण त्यावरूनच सिद्ध होतं.

नागरिकत्व काढून घेण्याचा अधिकार नेमका काय आहे?

१९८१ च्या कायद्याचं कलम ४०. त्यात दोन वाटा आहेत. पहिली, फसवणूक: खोटी माहिती देऊन किंवा महत्त्वाची गोष्ट लपवून नागरिकत्व मिळवलं असेल तर ते जातं, मग माणूस कुठल्याच देशाचा उरला नाही तरी. दुसरी, "लोकहितासाठी": गृहमंत्र्यांना तसं वाटलं की पुरे. खटला नको, शिक्षा झालेली नको. अट एवढीच की माणूस देशहीन होता कामा नये.

ही दुसरी वाट टप्प्याटप्प्याने रुंद होत गेली. २००२ पर्यंत जन्माने ब्रिटिश असलेल्याचं नागरिकत्व काढता येत नव्हतं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तो अडसर गेला. तेव्हा "देशाच्या मूलभूत हिताला गंभीर हानी" ही कसोटी होती. २००५ च्या हल्ल्यांनंतर, २००६ मध्ये ती सैल करून "लोकहित" केली. २०१३ मध्ये हिलाल अल-जेद्दा हा इराकी मुळाचा माणूस देशहीन होतो म्हणून सर्वोच्च न्यायालयात सरकार हरलं, आणि २०१४ मध्ये नवी तरतूद आली: अर्ज करून नागरिक झालेल्याचं नागरिकत्व, त्याला दुसऱ्या देशाचं मिळू शकेल असं मानायला वाजवी कारण असेल तर, तो देशहीन होत असला तरी काढता येईल. २०२२ च्या कायद्याने काही परिस्थितीत नोटीस न देताही आदेश काढायची मुभा दिली. तेव्हा मंत्र्यांना आदेशाच्या आधी किंवा नंतर ७ दिवसांत विशेष आयोगाकडे (नागरिकत्वाची अशी अपिलं ऐकणारा विशेष इमिग्रेशन अपील आयोग, त्याबद्दल पुढे) जावं लागतं. २०२५ च्या कायद्याने आणखी एक दार लावलं: माणूस अपील जिंकला तरी सरकारची पुढची अपिलं संपेपर्यंत नागरिकत्व परत मिळत नाही.

वापर किती? लोकहिताच्या कारणाने २०१६ मध्ये १४ जणांचं नागरिकत्व गेलं आणि २०१७ मध्ये १०४ जणांचं. सीरियातली इसिसची सत्ता कोसळत होती तो काळ.

शमीमा बेगमचं प्रकरण इतकं गाजलं ते का?

फेब्रुवारी २०१५ मध्ये पूर्व लंडनमधल्या बेथनल ग्रीनच्या शाळेतल्या तीन मुली गॅटविकवरून तुर्कस्तानात आणि तिथून सीरियात गेल्या. त्यातली शमीमा तेव्हा १५ वर्षांची होती. तिथे काही दिवसांतच तिचं इसिसच्या एका डच लढवय्याशी लग्न लावलं गेलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये ती सीरियातल्या अल-होलच्या छावणीत सापडली, गरोदर, आधीची दोन मुलं गेलेली. १९ फेब्रुवारीला तत्कालीन गृहमंत्री साजिद जाविद यांनी तिचं नागरिकत्व काढून घ्यायचं ठरवलं. नोटीस लंडनमध्ये तिच्या आईच्या हातात पडली. तिसरं बाळ मार्चमध्ये छावणीतच गेलं.

कायद्याचा पेच असा: शमीमा ब्रिटनमध्ये जन्मलेली, बांगलादेशात कधीही न गेलेली. पण बांगलादेशी आईवडिलांच्या मुलाला तिथल्या कायद्याने आपोआप नागरिकत्व असतं, आणि दुसऱ्या देशाचंही असेल तर ते वयाच्या २१ व्या वर्षी संपतं. नोटिसीच्या दिवशी ती १९ वर्षांची होती. म्हणून ती कागदोपत्री देशहीन नाही, असं विशेष आयोगाने २०२० मध्ये ठरवलं. बांगलादेश सरकारने ती आमची नाही असं स्पष्ट सांगितलं होतं. तरीही फरक पडला नाही. त्याच मुळाच्या, पण २१ ओलांडलेल्या काहींनी हेच अपील जिंकलं. दीड वर्षाचा फरक, निकाल उलटा.

२०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला अपील लढायला ब्रिटनमध्ये येऊ द्यायला नकार दिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने मान्य केलं की लैंगिक शोषणासाठी तिची मानवी तस्करी झाल्याचा विश्वसनीय संशय आहे, पण निर्णय मंत्र्यांचा, म्हणून अपील फेटाळलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तेच केलं, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढे ऐकायला नकार दिला. मग प्रकरण स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाकडे गेलं.

ती निर्दोष आहे असं आमचं म्हणणं नाही. इसिसने यझिदी स्त्रियांवर जे केलं ते पाहता तिथे गेलेल्या प्रत्येकाचा तपास आणि खटला व्हायला हवा. म्हणूनच तिला आणून न्यायालयापुढे उभं करायला हवं होतं. तिच्याजागी तिच्याच वर्गातली, चार पिढ्या इंग्लंडमध्ये असलेली गोरी मुलगी असती, तर तिचं नागरिकत्व काढताच आलं नसतं.

मग हा अधिकार फक्त मुस्लिमांविरुद्ध आहे का?

कायद्यात धर्माचा उल्लेख नाही. ऑक्सफर्डचा जॅक लेट्स हा गोरा, धर्मांतर करून सीरियात गेलेला. वडील कॅनडाचे म्हणून त्याला दुहेरी नागरिकत्व होतं, २०१९ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व गेलं आणि कॅनडा नाराज झाला. अधिकाराचं टोक दुहेरी नागरिकाकडे असतं. पण ब्रिटनमध्ये दुसरं नागरिकत्व वारशाने कोणाकडे येतं? बरंचसं स्थलांतरितांच्या मुलांकडे, आणि पाकिस्तान ब्रिटनसोबत दुहेरी नागरिकत्व मान्य करत असल्याने ब्रिटिश पाकिस्तानी त्यात ठळकपणे येतात. गुन्हा तोच, पण आजोबा कुठले यावर शिक्षा बदलते. आमचा आक्षेप नेमका इथे आहे.

रॉचडेलच्या बाललैंगिक शोषण प्रकरणात याची दुसरी बाजू दिसली. शिक्षा झालेल्या काहींचं ब्रिटिश नागरिकत्व काढलं गेलं, पण त्यातल्या दोघांनी त्याआधीच पाकिस्तानी नागरिकत्व सोडून दिलं होतं. त्यांना परत पाठवणं अडलं. पीडित मुली मोठ्या होऊन त्याच गावात राहतात आणि रस्त्यात ती माणसं दिसतात. नागरिकत्व काढलं म्हणजे माणूस गेला, असं होत नाही.

ब्रिटिश पासपोर्ट घेतलेल्या मराठी माणसाला याची काळजी करावी का?

ज्याने खोटं काही केलेलं नाही त्याला रोजची काळजी नको. पण स्थिती समजून घ्यावी. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. राज्यघटनेचं कलम ९ आणि १९५५ च्या कायद्याचंही कलम ९: ब्रिटिश नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं, पासपोर्ट परत करावा लागतो. ओसीआय कार्ड हे नागरिकत्व नव्हे. म्हणजे पुण्याहून गेलेल्या ब्रिटिश माणसाकडे दुसरं नागरिकत्व नसतं आणि देशहीनतेची अट त्याला राखते. २०१४ ची तरतूद मात्र त्याला लागू शकते: पूर्वीच्या भारतीयाला नोंदणीने पुन्हा नागरिकत्व मिळू शकतं, पण त्यासाठी भारतात राहण्याच्या अटी आहेत आणि निर्णय भारत सरकारचा. वकिलाला लढायला जागा आहे.

गोव्याचं वेगळं. पोर्तुगीज नागरिकत्वावर स्विंडनला गेलेल्या आणि मग ब्रिटिश झालेल्या गोंयकाराकडे दोन नागरिकत्वं असतात. कायद्याच्या नजरेत तो पुणेकरापेक्षा जास्त उघडा आहे, मग तो ख्रिस्ती असो, हिंदू असो वा मुस्लिम.

फसवणुकीची वाट सगळ्यांनाच लागू. जुनं नाव, आधीचं लग्न, जुनी शिक्षा, खोटा जन्मदाखला: अर्जात लपवलेली गोष्ट पंधरा वर्षांनीही वर येते.

पासपोर्ट रद्द होणं आणि नागरिकत्व जाणं एकच का?

नाही. पासपोर्ट हे प्रवासाचं कागदपत्र, ते सरकार काढून घेऊ शकतं आणि माणूस तरी नागरिकच राहतो. २०१५ च्या कायद्यात "तात्पुरता प्रवेशबंदी आदेश" नावाची तिसरी गोष्ट आहे: नागरिकाला दोन वर्षांपर्यंत, परवानगी घेऊन आणि अटींवरच परत येता येतं.

विशेष आयोगात आरोपीला पुरावा दाखवत नाहीत, हे खरं का?

बराचसा खरा. हा विशेष इमिग्रेशन अपील आयोग १९९७ च्या कायद्याने आला, मूळचे पंजाबचे शीख कार्यकर्ते करमजीतसिंग चहल यांच्या प्रकरणात १९९६ मध्ये ब्रिटन स्ट्रासबर्गला हरल्यावर. तिघांचं पीठ असतं. उघड पुरावा अपीलकर्त्याला मिळतो. गुप्त पुरावा फक्त "विशेष वकील" पाहतो, आणि तो पाहिल्यानंतर त्याला परवानगीशिवाय अपीलकर्त्याशी बोलता येत नाही. म्हणजे "त्या दिवशी तू कुठे होतास?" हा सर्वांत उपयोगी प्रश्न विचारायची वेळ येते तेव्हाच तोंड बंद झालेलं असतं.

घरातल्या कोणाच्या नावाने नागरिकत्व काढून घेण्याची नोटीस आली तर पहिल्या काही दिवसांत काय करायचं?

लिफाफा फेकू नका. टपालाचा शिक्का आणि हातात पडल्याची तारीख दोन्ही लिहून ठेवा, कारण अपिलाचे दिवस त्यावर मोजले जातात. माणूस देशाबाहेर असेल तर साधारण २८ दिवस, ब्रिटनमध्ये असेल तर त्याहून कमी. नोटीस आणि प्रत्यक्ष आदेश बऱ्याचदा एकाच दिवशी निघतात, म्हणून उशिरा हातात पडली तरी थांबू नका. नागरिकत्वाच्या प्रकरणांत काम करणारा सॉलिसिटर शोधा आणि सरकारी कायदेशीर मदत मिळते का ते पहिल्याच फोनवर विचारा. दुसऱ्या देशाच्या दूतावासात आपणहून अर्ज करू नका, नागरिकत्व सोडण्याचा किंवा मागण्याचा कुठलाही कागद वकिलाशिवाय भरू नका, कारण देशहीनतेचा सगळा मुद्दा नोटिसीच्या दिवशीच्या स्थितीवर उभा असतो. जन्मदाखले, आईवडिलांचे जुने पासपोर्ट, आजोबांची कागदपत्रं, जे सापडेल ते एकत्र करा. नोटीस ज्याच्या नावाची आहे तो छावणीत किंवा तुरुंगात असेल, तर त्याची सही मिळवणं हेच सर्वांत अवघड काम ठरतं. ते पहिल्याच दिवशी सुरू करा.